घाणेवाडीचा गाळ

तीर्थपुरी, घनसावंगीच्या पट्ट्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याला आवर्तन सुटलं, की उसाला तरतरी येते. पण याच जिल्ह्याचं मुख्यालय असलेल्या जालना शहराने 2012-13च्या दुष्काळात घोटभर पाण्यासाठी तडफड सोसली.

नव्या जालन्याची तहान निजामकाळापासून कुंडलिका नदीवरचा घाणेवाडी तलाव भागवत आला. तलाव उंचावर आहे. त्यामुळे पाणी उताराने आपोआप शहरात येतं, विजेचा पंप लागत नाही. त्या साली तळं आटलं आणि गल्लोगल्ली टँकरची वाट पाहत ड्रम, हंडे, घागरींची रांग लागली. बोअर तरी किती पुरणार? आपल्याकडे खाली काळा पाषाण. भेगांमधलं पाणी उपसलं, की बोअर फक्त धूळ फेकतो.

पैठणहून जलवाहिनी आली, शहराला मोठा आधार मिळाला. मला मात्र जास्त मोलाचं वाटतं ते लोकांनी केलेलं काम. उघड्या पडलेल्या तलावात नागरिकांनी वर्गणी काढून पोकलेन उतरवले. वर्षानुवर्षं साचलेला काळा गाळ शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरने नेऊन मुरमाड रानात पसरला. तलावात पाण्याला जागा झाली, रानाला माती मिळाली.

आपल्या गावच्या पाझर तलावातही असाच गाळ बसलेला असतो. तो काढायचा मुहूर्त उन्हाळ्यातच, मृगाच्या आधी. ग्रामसभेत हा विषय यंदाच घ्या.