लॅपटॉप आत्ता घ्यावा की नव्या चिपेसाठी थांबावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा बाहेरचे पाहुणे न बोलाविता मंडळातल्याच कोणा बाईने बोलावे असे ठरले, आणि चिटणीसबाईंनी माझे नाव घातले. मी सातवीपर्यंत शिकलेली. संत्र्याची बाग आणि घरचा स्वयंपाक यांत माझा दिवस जातो. तेव्हा लोणची-मुरंबे असा एखादा हातातला विषय घ्यावा असे प्रथम मनात होते. पण गेल्या वर्षभरात नरखेडास म्हणा, जलालखेड्यास म्हणा, ज्या ज्या घरी मी गेले तेथे एकच वाद कानी पडला. मुलगी बारावी झाली, नागपूरला नाव लागले, आता लॅपटॉप हवा. आणि घरातले कोणी ना कोणी म्हणते, "कायले घाई करता? नवी चिप येऊन राह्यली म्हनते. थांबा थोडं!"

असे म्हणणाऱ्या दोघातिघांना मी विचारले की, चिप म्हणजे काय हो? त्यांना ते सांगता आले नाही. माझा भाचा नागपुरात लॅपटॉप दुरुस्तीचे काम करतो. तो राखीला आला तेव्हा त्याला मी ओट्यापाशी बसविले आणि म्हटले, मला स्वयंपाकघरातले उदाहरण देऊन समजाव. त्याने चांगले समजाविले. ते तुम्हांला सांगते.

प्रोसेसर, म्हणजे जिला लोक चिप चिप म्हणतात ती, ही लॅपटॉपातली शेगडी. रॅम म्हणजे ओटा. आणि आपण जे काही साठवून ठेवतो, फोटो, कागदपत्रे, हिशेब, ती कोठीची खोली. आता शेगडी कितीही प्रखर आणली आणि ओटा वीतभरच असला, तर परात कोठे ठेवायची नि पोळपाट कोठे मांडायचा? हरघडी एक वस्तू उचलून कोठीत नेऊन ठेवायची आणि दुसरी आणायची. लॅपटॉप रखडतो तो पुष्कळदा अशा येरझाऱ्यांनी. शेगडीचा त्यात दोष नसतो. कोठीही दोन तऱ्हेची असते. जुन्या यंत्रांत हार्ड डिस्क असे, तिच्यात तबकडी गरगर फिरून जिन्नस शोधते. आपल्या आजीची उतरंड आठवा, तळच्या मडक्यातली डाळ हवी तर वरची सारी मडकी उतरावी लागत. नवी एसएसडी म्हणजे उघडे फडताळ. हात घातला की वस्तू हाती.

हे एवढे कळल्यावर माझ्या मनातली निम्मी भीती गेली. मुलीला महाविद्यालयात जे करावयाचे असते, लिहिणे, गणिते, कार्यक्रम रचणे, वर्ग ऐकणे, त्याला गेल्या दोनतीन वर्षांतली साधी शेगडी पुरते. ओटा मात्र ऐसपैस हवा. भाचा म्हणाला, मामी, ८ जीबीवर भागते, पण चार वर्षे काढायची तर १६ घ्या. आणखी एक गोष्ट त्याने बजावली. पातळ, देखण्या यंत्रांपैकी पुष्कळांत रॅम आतल्या पट्टीवर डाक लावून बसविलेली असते, ती मागाहून वाढविता येत नाही. म्हणून दुकानदाराला प्रथम हेच विचारायचे की, हिच्यात रॅम वाढवायला जागा आहे काय?

आता त्या येऊ घातलेल्या चिपेविषयी. ती येणार हे खरेच आहे, आणि ती आली की तिच्या मागची दुसरीही यायची. इंटेलची ४००४ नावाची पहिली चिप १९७१ साली विक्रीला आली, तेव्हापासून हे चालू आहे. ॲपल कंपनीचेच पाहा. तिची एम१ ही चिप नोव्हेंबर २०२० मध्ये लॅपटॉपात आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एम५. पाच वर्षांत पाच पिढ्या! इंटेलनेही जानेवारी २०२६ मध्ये आपली कोअर अल्ट्रा ३ ही मालिका बाजारात आणली. जो नव्यासाठी थांबतो त्याचे थांबणे कधीच सरत नाही, कारण घ्यावयाच्या दिवशीही पुढचीची वार्ता आलेलीच असते.

आपल्या तालुक्यातल्या बायकांना हे वेगळे सांगायला नको. आंबिया बहराचा सौदा आज करावा की भाव चढेपर्यंत थांबावे, हा घोर आपल्या घरी दर वर्षी असतो. भाव चढतोही कधी कधी. पण थांबलेल्या दिवसांत झाडाखाली फळांचा सडा पडतो तो कोणी मोजत नाही. वाढलेल्या भावाचे आकडे पारावर सांगितले जातात, गळ झालेल्या फळांचे सांगत नाहीत. लॅपटॉपाचेही तसेच आहे. नवी चिप किती वेगवान हे जाहिरातीत येते. त्यासाठी थांबलेल्या मुलीचे सहा महिन्यांचे काय झाले हे कोठेच येत नाही.

याच्या उलट एक मोठे उदाहरण आपल्या विदर्भातल्या माणसाचे आहे. डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी नागपूरलाच घेतली. अमेरिकेने आपल्या देशाला हवा तो महासंगणक द्यायचे नाकारले, तेव्हा १९८८ साली पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली आणि काम त्यांच्याकडे आले. त्या काळी ब्रिटनमधली इनमॉस कंपनी ट्रान्सप्युटर नावाच्या चिपा करीत असे. एकेक चिप तशी लहानच, पण बाजारात मिळत होती. सी-डॅकने अशा चिपा एकमेकींस जोडल्या आणि १९९१ साली परम ८००० उभा केला. त्याच कंपनीने टी९००० नावाची फार जोरदार चिप येणार म्हणून जाहीर केले होते. ती लांबत गेली, सांगितला होता तो वेग तिला कधीच गाठता आला नाही, आणि अखेर ती सोडून द्यावी लागली. सी-डॅक पुढच्या यंत्रांसाठी दुसऱ्या कंपन्यांच्या चिपांकडे वळली. पुण्याची मंडळी त्या टी९०००ची वाट पाहत बसली असती तर परम ८००० झाला नसता.

कोणी म्हणेल, थांबले तर निदान स्वस्त तरी मिळेल. ही समजूत पूर्वी पुष्कळ अंशी खरी होती. पण २०२५ च्या अखेरीपासून उलटे वारे सुटले. कृत्रिम बुद्धिमत्तेची जी प्रचंड संगणककेंद्रे जगभर उभी होत आहेत त्यांनी मेमरीच्या चिपा उचलल्या, आणि तुमच्या-आमच्या लॅपटॉपातली रॅम आणि एसएसडी महाग झाली. म्हणजे शेगडीसाठी थांबावे तर ओटाच महागतो, अशी गत. सरकारी निर्णयाकडे डोळे लावून बसण्यातही हशील नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी उतरला तेव्हा आमच्या नात्यातल्या एका घरी लॅपटॉपाची खरेदी मुद्दाम लांबविली होती. मोठे टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८ वर आले, पण लॅपटॉपावर आधीच १८ टक्के होते, ते तसेच राहिले. तसेच घाबरून धावू नये हेही खरे. ऑगस्ट २०२३ मध्ये लॅपटॉपाच्या आयातीवर परवान्याची अट घातल्याचे जाहीर झाले. दुसऱ्याच दिवशी ती पुढे ढकलली आणि नंतर नुसत्या नोंदणीवर निभावले. त्या आठवड्यात मिळेल ते यंत्र मिळेल त्या भावात उचलणारेही होते.

थांबण्याचा एकच प्रकार मला पटतो. नवी मालिका आली की दुकानदाराला मागच्या वर्षीचा माल काढायचा असतो. काम निकडीचे नसेल तर त्यासाठी महिना-दोन महिने थांबावे, आणि नवे न घेता ते मागच्या वर्षीचे घ्यावे. आमच्या थोरलीसाठी आम्ही सप्टेंबर २०२४ मध्ये असेच केले. त्याच महिन्यात इंटेलची एक नवी मालिका निघाली होती. तिची यंत्रे दिसायला सुरेख, पण किंमत आमच्या आटोक्याबाहेर. आम्ही आधीच्या पिढीचे, १६ जीबीचे यंत्र ४८,००० रुपयांस घेतले. बागेच्या सौद्याचा विसार आला होता, त्यातून. मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे आणि अजून तरी तिने यंत्राविषयी कुरकूर केलेली नाही. (वसतिगृहातल्या भाजीविषयी करते, तो विषय निराळा.)

आता ज्यांच्या घरी जुना लॅपटॉप आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. माझ्या जाऊबाईंचे टायपिंग आणि झेरॉक्सचे दुकान आहे. त्यांचे यंत्र २०१६ चे. ते इतके रखडे की गिऱ्हाईक एक अर्ज भरेस्तोवर चहा पिऊन येई. २०२३ मध्ये त्यांनी त्यात एसएसडी घातली आणि रॅम वाढविली. सारे मिळून पाच हजारांच्या आत काम झाले आणि यंत्र पळू लागले. तेव्हा नवे घेतले असते तर चाळीस हजार अडकले असते. पण शहाणपणाने डागडुजी केली तरी तिलाही मर्यादा असते. विंडोज १० चे विनामूल्य संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले, आणि इतक्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ कंपनी चालू देत नाही. कंपनीने तेव्हा घरगुती वापरासाठी एक वर्षाची वाढीव मुदत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, देऊ केली. जाऊबाईंच्या यंत्रात गावच्या लोकांची आधार कार्डे नि बँकेची पासबुके येतात. दुसऱ्याचा ऐवज आपल्या घरी असताना मोडक्या कडीच्या दारावर भिस्त ठेवता येत नाही. म्हणून त्या मुदतीच्या आत नवे यंत्र घ्यायचे त्यांनी ठरविले. ज्याला नुसते लिहायचे नि वाचायचे आहे त्याने जुन्या यंत्रावर लिनक्स बसवावे. ते फुकट मिळते. सी-डॅकनेही बॉस नावाचे लिनक्स काढले आहे आणि त्यात मराठी लिहिता येते.

इतके सांगितल्यावर ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला ती सांगते, आणि ती सांगताना कोणास राग आला तरी माझा इलाज नाही. मी या वर्षी घरोघरी पाहिले, मुलाला लॅपटॉप हवा असतो तेव्हा चिपेची गोष्ट निघत नाही. तो प्रवेश घेऊन आला की आठवड्यात काटोलला नाहीतर सीताबर्डीला जाऊन यंत्र येते. "नवी चिप येऊ दे" हे मुलीच्या वेळेसच निघते. चिपेचे कारण मोठे सोयीचे आहे. त्यात नाही म्हणावे लागत नाही, आणि मुलीला वाद घालता येत नाही, कारण घरातल्या मोठ्यांना तिच्या हितासाठीच थांबायचे असते.

राज्य सरकारने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. आपल्यापैकी कितीतरी घरे त्यात बसतात. जी फी वाचली तिच्यातला एक भाग यंत्राकडे वळविला तर घरावर नवा बोजा पडत नाही. असे असता माझ्या माहितीतली एक मुलगी पहिले अख्खे वर्ष महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काम करीत होती. पाचला प्रयोगशाळेला कुलूप लागे. मग खोलीतल्या मैत्रिणीचे यंत्र, तेही मैत्रीण निजल्यावर. दुसऱ्या दिवशी वर्गात डोळे मिटत. घरी तिच्या वडिलांना विचारा, ते अजून चांगल्या चिपेच्या शोधात आहेत. माणूस वाईट नाही, मुलीवर जीव आहे. पण तिचे काम आज अडून आहे, हे त्यांच्या हिशेबात आलेलेच नाही.

म्हणून घरात हा वाद निघाला की मी म्हणते, प्रथम विचारावे की कोणाचे कोणते काम आज थांबलेले आहे? काहीच थांबले नसेल तर खुशाल वर्षभर थांबा, जुन्यात एसएसडी घाला, पैसे बँकेत राहू द्या. आणि काम थांबलेले असेल तर त्या कामापुरते यंत्र आहे त्या बाजारात पाहून आणा.

हाच प्रश्न मला आपल्या मंडळालाही विचारावयाचा आहे. बचतगटांचे हिशेब आपल्या खजिनदारबाई अजून वहीत लिहितात आणि प्रत्येक अर्जासाठी बसस्टँडवर जाऊन पैसे देऊन टंकून आणतात. संध्याकाळी आठ-दहा मुली टंकलेखन शिकायला यायला तयार आहेत. यंत्रासाठी वर्गणी जमली आहे, आणि दोन सभांत हा विषय नव्या चिपेच्या नावाने पुढे गेला. तेव्हा पुढील मासिक सभेत मी ठराव मांडणार आहे: १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, मागच्या वर्षीचा प्रोसेसर, मराठी कळफलकाची सोय, आणि बिल मंडळाच्या नावाचे. भाचा दुकानात बरोबर यायला तयार आहे. ठरावाला अनुमोदक हवी आहे. जिला द्यावयाचे असेल तिने आज चहाच्या वेळी मला सांगावे. ठरावाला ज्यांचा विरोध असेल त्यांनीही सभेला अवश्य यावे.