थोर तबकड्या आणि त्यांचे माप



इंग्लंड-अमेरिकेतील लोकप्रिय संगीताचा विषय निघाला की यादीचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. पहिला कोण, दुसरा कोण, अमक्याला सातवी जागा का आणि तमक्याला सत्तरावी का! आपल्याकडे कुस्तीच्या फडाबाहेर जी चर्चा रंगते, तिचीच ही जातकुळी. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन नियतकालिकाने २००३ साली पाचशे थोर आल्बमांची अशी एक यादी प्रसिद्ध केली. तिच्यातील पहिल्या पाच जागा ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्‌स क्लब बँड’, ‘पेट साउंड्‌स’, ‘रिव्हॉल्व्हर’, ‘हायवे ६१ रीव्हिजिटेड’ आणि ‘रबर सोल’ यांना मिळाल्या. तीन बीटल्सचे, एक बीच बॉइजचा, एक बॉब डिलनचा. आणि पाचही १९६५ ते १९६७ या तीन वर्षांच्या पोटातले. पुढे २०२० साली त्याच नियतकालिकाने नव्याने मते मागवून नवी यादी केली, तेव्हा पहिला आलेला ‘सार्जंट पेपर’ चोविसावा गेला. तबकडी तीच, तिच्यावरील रेघा त्याच. मग सतरा वर्षांत बदलले काय? बदलले ते माप. त्या मापाविषयीच आज मला बोलावयाचे आहे. गाण्यांविषयी ओघाने येईलच.

आल्बम हा शब्द आपण फोटोंसाठी वापरतो आणि गाण्यांसाठीही, ते उगीच नव्हे. ज्या लाखेच्या तबकड्यांवर आपल्या आजोबा-पणजोबांनी बालगंधर्वांची पदे ऐकली, तिच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. (ही लाख, जाता जाता सांगतो, बहुतांशी हिंदुस्थानातून जात असे. साऱ्या जगाच्या गाण्याखाली आपल्या रानातील किड्यांची मेहनत होती.) ‘वन्स मोअर’ घेत घेत रंगभूमीवर फुलणारे पद त्या तीन मिनिटांत कसे कोंबावयाचे, ही विवंचना येथील गायकांना जशी होती, तशीच तिकडील सिंफनी वाजविणारांनाही होती. मोठी रचना असली की पाच-सहा तबकड्या लागत आणि त्या फोटोंच्या वहीसारख्या जाड पुठ्ठ्याच्या बाडात, एकेका खणात एकेक, अशा विकल्या जात. त्या बाडावरून आल्बम हे नाव पडले. १९४८ साली अमेरिकेच्या कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी, एका बाजूस वीस-बावीस मिनिटे चालणारी तबकडी बाजारात आणली. बाड गेले, नाव राहिले.

परंतु लांब तबकडी आली म्हणून लांब विचार आला, असे झाले नाही. तरुणांच्या गाण्यात तर मुळीच नाही. दोन गाजलेली गाणी आणि भोवती दहा गाण्यांची खोगीरभरती, हाच बहुतेक आल्बमांचा मासला असे. फ्रँक सिनात्राने १९५५ साली ‘इन द वी स्मॉल अवर्स’मध्ये एकाच उदास मनःस्थितीची गाणी एकत्र गुंफली होती, पण तो प्रौढांचा गायक, त्याचा श्रोताही प्रौढ. पोरासोरांनी एकेक गाण्याची लहान तबकडी घ्यावी, असा व्यापाऱ्यांचा हिशोब होता. बीटल्सचेच पाहा ना. त्यांच्या पहिल्या आल्बमात चौदा गाणी. चार आधीच छापलेली. उरलेली दहा लंडनच्या ॲबी रोडवरील ई. एम. आय.च्या स्टुडिओत ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात उरकली. सर्दीने बसलेल्या घशाने लेननने शेवटचे गाणे कसेबसे म्हटले, आणि तो बसलेला घसाच त्या गाण्याचा प्राण ठरला. मला तो आल्बम फार आवडतो. पण त्याच्या क्रमात कोणी फारसा विचार ओतला असेल, असे वाटत नाही.

चार वर्षांनंतर याच मंडळींनी याच स्टुडिओत ‘सार्जंट पेपर’ केला, त्याला नोव्हेंबर १९६६ ते एप्रिल १९६७ असे जवळजवळ पाच महिने लागले. एक दिवस आणि पाच महिने! या दोहोंमधील अंतर ज्याला समजले, त्याला त्या दशकाच्या संगीताचे निम्मे मर्म समजले.

मध्ये काय घडले? एक तर डिलनने लांबीचे भय घालविले. १९६५ च्या ‘हायवे ६१ रीव्हिजिटेड’मधील पहिले गाणे सहा मिनिटांचे आणि शेवटचे अकरा मिनिटांहून अधिक. दुसरे असे की, स्पर्धा लागली. डिसेंबर १९६५ मध्ये बीटल्सचा ‘रबर सोल’ आला. तिकडे कॅलिफोर्नियात बीच बॉइजचा ब्रायन विल्सन घरी होता. प्रवासाचे कार्यक्रम त्याने सोडले होते, भाऊबंद गावोगाव गात हिंडत होते. एकही गाणे भरतीचे नाही असा आल्बम होऊ शकतो, हे ‘रबर सोल’ने त्याला दाखविले आणि तो झपाटल्यासारखा कामाला लागला. जाहिरातीच्या धंद्यातील टोनी ॲशर याला त्याने शब्द लिहावयास बसविले, लॉस एंजलिसचे पट्टीचे भाडोत्री वादक बोलाविले. मे १९६६ मध्ये ‘पेट साउंड्‌स’ निघाला तेव्हा त्याचे वय तेवीस होते. सायकलची घंटी, पेयाचे रिकामे डबे, कुत्र्यांचे भुंकणे, जाणारी आगगाडी, हे सारे त्यात वाद्यांच्या पंगतीला बसले आहे. हे ऐकताना एक गोष्ट लक्षात ठेवावी: विल्सनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे. उजव्या-डाव्या कर्ण्यांतून आवाज वाटून देण्याचे कौतुक त्याला काय होणार? त्याने सारे वाद्यवृंद एकाच ध्वनिप्रवाहात असे मिसळले की, सनई कोठे संपली आणि व्हायोलिन कोठे सुरू झाले हे सांगता येऊ नये, तसे ते झाले. अमेरिकेत हा आल्बम दहाव्या क्रमांकापलीकडे गेला नाही. दोन महिने होण्यापूर्वीच कंपनीने त्याच मंडळींच्या जुन्या गाजलेल्या गाण्यांची तबकडी बाजारात सोडली. व्यापाऱ्याला नवे समजले नाही, की तो जुन्याकडे धावतो! विल्सन २०२५ च्या जूनमध्ये वारला, तेव्हा साऱ्या जगाने प्रथम नाव घेतले ते याच आल्बमचे.

‘रिव्हॉल्व्हर’ ऑगस्ट १९६६ चा. माझ्या मते बीटल्सचे सर्वांत निरोगी काम हेच. ‘एलिनॉर रिग्बी’त गिटार नाही, ढोल नाही; चार व्हायोलिने, दोन व्हायोला, दोन चेलो आणि एका एकाकी म्हातारपणाची कथा. शेवटच्या गाण्यात सबंध तीन मिनिटे जवळजवळ एकाच स्वरावर षड्ज धरावा तसा आधार धरलेला आहे, आणि त्यावर उलट्या-सुलट्या फिरविलेल्या ध्वनिफितींचे तुकडे पक्ष्यांसारखे येतात-जातात. याच आल्बमवर ‘लव्ह यू टू’ या जॉर्ज हॅरिसनच्या गाण्यात तबला आहे आणि वेष्टनावर तबलजीचे नाव छापले आहे: अनिल भागवत. बीटल्सच्या तबकडीवर बाहेरच्या वादकाचे नाव येणे ही त्या काळी अपूर्वाईची गोष्ट. पुढल्या वर्षी ‘सार्जंट पेपर’मध्ये ‘विदिन यू विदाउट यू’साठी लंडनमधील भारतीय वादकांनी दिलरुबा, तबला आणि तानपुरा वाजविला, दिलरुब्याच्या मींडेचा पाठलाग इंग्रज व्हायोलिनवाल्यांकडून करवून घेताना जॉर्ज मार्टिनच्या नाकी नऊ आले. पण त्या वादकांची नावे मात्र वेष्टनावर आली नाहीत. त्या वेष्टनावर जागतिक कीर्तीच्या मंडळींचा जो गोतावळा उभा आहे, त्यात महात्मा गांधीही होते. हिंदुस्थानातील लोक रागावतील या भयाने कंपनीने त्यांना पुसावयास लावले. वादक अनाम राहिले आणि महात्मा अदृश्य झाला!

आता त्या पाच महिन्यांत हे लोक करीत काय होते? स्टुडिओतील यंत्राच्या फितीवर फक्त चार पट्टे असत. चारही भरले की ते एकत्र मिसळून दुसऱ्या यंत्राच्या एका पट्ट्यावर उतरवावयाचे आणि मोकळ्या झालेल्या तीन पट्ट्यांवर पुन्हा नवे रचावयाचे. आजी गोधडी शिवताना लुगड्यावर लुगडे घालते, तसा हा प्रकार. मात्र प्रत्येक थराबरोबर खालचा थर थोडा विटतो, आणि एकदा टाका घातला की तो उसवता येत नाही. म्हणजे हाती काय राहणार याचा निर्णय आधी करावा लागे, आणि निर्णयाला वेळ लागतो. ‘अ डे इन द लाइफ’साठी चाळीस वादकांचा वृंद बोलावून प्रत्येकाला आपल्या वाद्याच्या खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत हळूहळू, शेजाऱ्याकडे न पाहता, चढावयास सांगितले. शेवटी अनेक पियानोंवर एकदम मारलेला स्वरसमूह चाळीस सेकंदांहून अधिक काळ विरत राहतो, आणि तो विरत असता यंत्राची कळ वर वर सारीत नेली आहे. ही चैन बीटल्सना परवडली, कारण स्टुडिओ कंपनीच्याच मालकीचा होता आणि त्यांच्या खपापुढे त्यांना घड्याळ दाखविण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. ऑगस्ट १९६६ पासून त्यांनी जाहीर मैफली बंद केल्या होत्या, तेव्हा वेळही होता.

येथेच ते माप तयार झाले. थोर आल्बम म्हणजे सलग आल्बम, आणि सलग आल्बम म्हणजे स्टुडिओत महिनोन् महिने बसून घडविलेला आल्बम. पुढल्या टीकाकारांनी हे माप इतके आपलेसे केले की, त्यात कोण बसत नाही हे पाहण्याचे त्यांना सुचलेच नाही. कृष्णवर्णीय अमेरिकन संगीत त्यात बसत नव्हते. डेट्रॉइट शहरात बेरी गॉर्डी याने घरच्यांकडून आठशे डॉलर उसने घेऊन १९५९ साली धंदा मांडला. मोटारीच्या कारखान्यात काम केलेला माणूस. एका साध्या घरात स्टुडिओ थाटून त्याने गाण्यांचा कारखाना काढला. मोटाउनची ती गाणी अडीच-तीन मिनिटांची, लहान तबकडीवर विकावयाची. आल्बम हे तेथे उरलेसुरले गोळा करण्याचे भांडे. ज्यांच्या बोटांवर हा सारा डोलारा उभा होता, ते वादक दशकभर अनाम राहिले. त्यांतील जेम्स जेमर्सनचा बेस गिटार ऐकून पॉल मॅकार्टनीसारखा वादक शिकला. पण यादीवाले विचारणार, आल्बम कोठे आहे?

ॲरिथा फ्रँक्लिनचे उदाहरण तर याहून बोलके. सहा वर्षे एका मोठ्या कंपनीत तिच्याकडून नाना तऱ्हेची गाणी म्हणवून घेतली गेली, पण तिचा सूर कोणाला गवसला नाही. जानेवारी १९६७ मध्ये अलाबामातील मसल शोल्स येथील स्टुडिओत तिला पियानोवर बसविले. एक गाणे झाले, दुसरे अर्धे, इतक्यात भांडण पेटले आणि मंडळी न्यूयॉर्कला परतली. उरलेले काम तेथे झाले आणि मार्चमध्ये आल्बम दुकानांत आला. दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. त्यातील पहिलेच गाणे ‘रिस्पेक्ट’: मूळ ओटिस रेडिंगचे, घरी आलेल्या पुरुषाने बायकोपाशी मान मागण्याचे. ॲरिथाने तीच मागणी बाईच्या तोंडी घातली, आणि एका घरातील कुरकुर साऱ्या समाजापुढील हक्काची भाषा झाली. सलगता येथेही आहे. ती एका आवाजाची आहे. २०२० च्या यादीत या आल्बमला तेरावी जागा मिळाली, म्हणजे ‘सार्जंट पेपर’च्या अकरा पायऱ्या वर. आणि पहिली जागा मिळाली मार्व्हिन गे याच्या १९७१ च्या ‘व्हॉट्‌स गोइंग ऑन’ला. तो मोटाउनचाच. गॉर्डीला त्याचे शीर्षकगीत पसंत नव्हते. गे हटून बसला, ते छापल्याशिवाय पुढे ध्वनिमुद्रण करीत नाही म्हणाला. ते गाणे धडाक्याने खपले, तेव्हा कोठे सबंध आल्बम करण्याची मुभा मिळाली. आणि त्याच्या वेष्टनावर त्या अनाम वादकांची नावे प्रथम छापली गेली.

तेव्हा नवी यादी न्याय्य झाली म्हणून टाळ्या वाजवाव्या काय? माझा एक आक्षेप शिल्लक आहे. ‘व्हॉट्‌स गोइंग ऑन’ थोर आहे यात शंका नाही, पण तो जुन्याच मापाने थोर आहे. एकात एक गुंफलेली गाणी, एक विषय, निर्मात्याचा सुटलेला हात. माप खरोखर बदलले असते तर दुसरी एक तबकडी वर आली असती. ती आजही पहिल्या पन्नासांच्या बाहेर आहे.

२४ ऑक्टोबर १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील अपोलो नाट्यगृहात जेम्स ब्राउन गायला. त्याच्या कंपनीचा मालक म्हणाला, ज्या गाण्यांच्या तबकड्या आधीच विकल्या गेल्या, तीच गाणी लोक पुन्हा कशाला विकत घेतील? तेव्हा ब्राउनने ध्वनिमुद्रणाचा खर्च स्वतःच्या खिशातून केला. पुढील वर्षी निघालेला ‘लाइव्ह ॲट द अपोलो’ अमेरिकेच्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. अर्ध्या तासाचा हा आल्बम; गाण्यातून गाणे निघते, वादक थांबत नाहीत, आणि श्रोते हे त्यातील एक वाद्यच आहे. बैठकीत रंगलेल्या गवयाला समोरून दाद येते आणि तो तीच जागा पुन्हा वेगळ्या अंगाने घेतो, हे आपण जाणतो. ‘लॉस्ट समवन’ या दहा मिनिटांच्या गाण्यात ब्राउन नेमके हेच करतो. एक ओळ, पुढून किंकाळी. पुन्हा ती ओळ, थोडी हळू. मग इतकी हळू की थिएटरातील एकट्या बाईचा आवाज स्पष्ट ऐकू यावा. सलगता म्हणजे काय हे बीटल्स पाच महिने शोधीत होते, ते येथे चार वर्षे आधी एका रात्रीत घडून गेले होते.

फक्त तबकडीलाच ती सलगता पेलली नाही. पहिल्या बाजूची जागा संपली, म्हणून ‘लॉस्ट समवन’ मध्येच तोडावे लागले. ऐन रंगात आवाज मावळतो, सुई आत सरकते. उठावे, तबकडी उलटावी, आणि दुसऱ्या बाजूवर तोच माणूस त्याच ओळीशी झुंजत असतो. पुढे सीडीवर ते दोन्ही तुकडे जोडून एक केले आहेत. ज्यांना ऐकावयाचे असेल त्यांनी ते जोडलेलेच ऐकावे, आणि आवाज जरा मोठा ठेवावा.