जवळ थांबा



मुख्याध्यापिका बाईंनी मला दोन विषय दिले आहेत. पवित्र शास्त्रातल्या मातांकडून आपण ख्रिस्ती माणसांनी काय शिकावं हा एक, आणि नर्सिंगला कसं जायचं हा दुसरा. दोन्ही सांगायच्या तयारीने आले. पण शाळेच्या फाटकातून आत आले आणि आधी बोर्डिंगची लांब खोलीच डोळ्यांसमोर उभी राहिली. भिंतीला लावून ठेवलेल्या पत्र्याच्या ट्रंका, घंटा झाली की उपासनेला धावणाऱ्या मुली, शब्बाथ शाळेत वचन म्हणताना अडखळलं की मागून हळूच पुढचा शब्द सांगणारी मैत्रीण. या नगर जिल्ह्यातल्या किती घरांची पहिली शिकलेली मुलगी अशाच एखाद्या बोर्डिंगातून बाहेर पडली असेल! माझ्या घरातली पहिली मी.

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की टोळी निघायची. निघण्याआधी आई मला इथे आणून सोडायची, ती थेट उन्हाळ्यात परत भेटायची. येताना नवा फ्रॉक आणायची, आणि तो कायम वाढत्या अंगाचा. खालची पट्टी चांगली चार बोटं आत दुमडलेली. अंग वाढलं की उसवायची आणि खाली सोडायची.

म्हणून हन्नेची गोष्ट मी वर्गात ऐकली तेव्हा ती मला कुणी समजावून सांगावी लागली नाही. हन्नेने नवस करून मागितलेला शमुवेल. दूध तुटल्यावर तिने त्याला शिलोच्या मंदिरात एली याजकाकडे ठेवलं. पुढे दरवर्षी यज्ञासाठी नवऱ्याबरोबर वर जाताना ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा करून न्यायची. शास्त्रात याला जेमतेम एक ओळ आहे. पण तो झगा शिवताना समोर मूल नव्हतं. आता तो केवढा झाला असेल, खांद्यात किती भरला असेल, हे तिला घरी बसून मनाशी मोजावं लागलं असेल. मुलाला देवाच्या घरी दिलं, पण त्याच्याजवळचं आपलं असणं तिने काढून घेतलं नाही.

याच शाळेत मला कांजिण्या आल्या होत्या. वेगळ्या खोलीत ठेवलं. बोर्डिंगच्या बाई स्वतः माझ्या शेजारी खाट टाकून झोपायच्या. मी झोपेत अंग खाजवू नये म्हणून माझे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवायच्या. नर्सिंगचा पहिला धडा मी तिथे शिकले. पुस्तकं त्यानंतर आली.

आता त्या पुस्तकांविषयी. बारावीला विज्ञान शाखा आणि जीवशास्त्र असेल तर बी.एस्सी. नर्सिंग करा, चार वर्षांचं आहे. जीएनएम हा नर्सिंगचा दुसरा अभ्यासक्रम, तीन वर्षांचा. मुलींइतकीच मुलांचीही वॉर्डात गरज आहे, हे मुलांनी ऐकून ठेवावं. फॉर्म, फी, प्रवेश परीक्षा यांची माहिती मी बाईंकडे लिहून दिली आहे. कारण या सगळ्याआधी जे यायला हवं ते मला आज तुम्हाला सांगायचं आहे. जवळ थांबायला शिका. माणूस संकटात असताना त्याच्यापासून हलू नका.

शास्त्रातल्या आयांनी मला हे शिकवलं, आणि त्यांतही रिस्पाने. दुसऱ्या शमुवेलाच्या एकविसाव्या अध्यायात ती आहे. तिच्यावर प्रवचन फारसं ऐकायला मिळत नाही. ती शौल राजाची उपपत्नी. शौल गेला, राज्य गेलं. दाविदाच्या काळात तीन वर्षं दुष्काळ पडला. शौलाने गिबोनकरांचं रक्त सांडलं होतं, त्याची भरपाई म्हणून गिबोनकरांनी शौलाच्या वंशातले सात पुरुष मागितले. दाविदाने ते दिले. सातांना डोंगरावर टांगलं. त्यांतले दोन रिस्पाचे मुलगे.

तिच्या हातात काय होतं? सत्ता नाही, नवरा नाही, बाजूने बोलणारं कुणी नाही. तिने गोणताट घेतलं, खडकावर अंथरलं आणि बसली. सातूची कापणी सुरू झाल्यापासून आकाशातून पाऊस पडेपर्यंत. दिवसा पाखरांना, रात्री जंगली जनावरांना तिने त्या प्रेतांजवळ येऊ दिलं नाही. सगळ्या अध्यायात ती एक शब्द बोलत नाही. पण ही गोष्ट दाविदाच्या कानावर गेली आणि राजा हलला. त्याने याबेश-गिलादहून शौलाची आणि योनाथानाची हाडं आणवली, टांगलेल्यांची हाडं गोळा केली आणि शौलाच्या बापाच्या कबरेत त्यांना मूठमाती दिली. त्यानंतर देशासाठी केलेली विनवणी देवाने ऐकली, असं शास्त्र म्हणतं. मुलांना टांगलं त्या दिवशी ऐकली असं म्हणत नाही.

आणि मुलांनो, हिशेब नीट करा. सातांतले दोन तिचे. उरलेले पाच दुसऱ्या बाईचे. तिने राखण सातही जणांची केली.

मूल घेऊन भटकणाऱ्या हागारेचं पाहा. बैर-शेब्याच्या रानात मसकीतलं पाणी संपलं. मूल मरताना बघवेना म्हणून तिने त्याला झुडपाखाली टाकलं आणि बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन बसली. मी वॉर्डात अशा आया पाहिल्या आहेत, खूप पाहिल्या आहेत. दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून उभ्या असतात. त्यांना बोल लावू नये. देवानेही हागारेला बोल लावला नाही. ऊठ, मुलाला उचल, त्याला हाताशी धर, एवढंच सांगितलं. मग तिचे डोळे उघडले आणि तिला विहीर दिसली. क्रम लक्षात घ्या. आधी हात धरायचा, विहीर त्यानंतर.

म्हणून माझा आग्रह आहे, आणि तो मी आज पुन्हा पुन्हा करणार. आजीजवळ बसा. आजारी मित्राजवळ बसा. बसताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. ‘मी जाऊन काय करणार, मी काय डॉक्टर आहे?’ असं म्हणू नका. रिस्पाही डॉक्टर नव्हती. जवळ थांबा.

आता पुढच्या रांगेतल्या पालकांशी, विशेषतः आयांशी बोलते. जब्दीची बायको तुम्हाला ठाऊक आहे. ती येशूकडे आली आणि म्हणाली, तुझ्या राज्यात माझ्या दोन मुलांपैकी एकाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसव. आपल्या प्रत्येकीच्या मनातली ही प्रार्थना आहे. माझ्या मुलाचा पहिला नंबर येऊ दे, त्याला चांगली खुर्ची मिळू दे. येशूने तिला हाकलून दिलं नाही. मी पिणार आहे तो प्याला तुमच्याने पिववेल का, एवढं मुलांना विचारलं. ही गोष्ट सांगणाऱ्या मत्तयाच्याच शुभवर्तमानात सत्ताविसावा अध्याय उघडा. येशूच्या उजवीकडे एक आणि डावीकडे एक लुटारू आहे. शिष्य आदल्या रात्रीच पळाले आहेत. दुरून पाहत उभ्या राहिलेल्या बायकांमध्ये मत्तय आवर्जून सांगतो, जब्दीच्या मुलांची आई. उजवी आणि डावी बाजू म्हणजे काय ते तिने तिथे पाहिलं, आणि तरी ती निघून गेली नाही. खुर्ची मागायला आलेली आई क्रुसापर्यंत पोचली. तुम्हीही पोचाल, ही माझी खात्री आहे.

आपल्या महाराष्ट्रात हे जवळ थांबणं जगून दाखवलं पंडिता रमाबाईंनी. एका लेकीची, मनोरमेची, आई. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना केडगावला घेऊन आल्या. 1921 मध्ये मनोरमा गेली. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, त्या केडगावातच, आपल्या मुलींमध्ये. हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणण्याचं काम त्यांनी शेवटपर्यंत हातचं सोडलं नाही. रिस्पाचा अध्याय त्यांनी कोणत्या मनाने मराठीत उतरवला असेल, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

आता बक्षीस समारंभ आहे. बोर्डिंगच्या पुष्कळ मुलांचे आईवडील आज आलेले नाहीत, कारण हंगाम चालू आहे आणि ते उसाच्या फडात आहेत. पालकहो, माझी एकच विनंती आहे. अशा मुलाचं नाव पुकारलं की बसल्या जागेवरून टाळी वाजवू नका. तुमच्यापैकी एकीने उठायचं, पायऱ्यांपाशी यायचं आणि ते मूल बक्षीस घेऊन उतरेपर्यंत तिथे उभं राहायचं. फोटोत त्याच्या शेजारी कुणीतरी असलं पाहिजे, आणि तो फोटो फडावर गेला पाहिजे. पहिल्या नावाला मी स्वतः उभी राहते. बाई, यादी वाचायला घ्या.