गर्भपरीक्षा : निवड कोणाची, केव्हाची

गर्भारपणाचा तिसरा महिना सरत आला की डॉक्टर एक चिठ्ठी लिहून देतात. तीवर रक्ताची एक तपासणी असते आणि तिच्या जोडीला सोनोग्राफी. देताना बहुधा एवढेच सांगण्यात येते की, ही तपासणी ऐच्छिक आहे. करावयाची असल्यास दोन आठवड्यांच्या आत करून घ्यावी. पांढुर्णा किंवा सौंसर भागातील एखादी सून ती चिठ्ठी घेऊन घरी येते. सासू विचारते, आमच्या वेळी कुठे होते हे सारे? नवरा विचारतो, खर्च किती? नागपूरला नोकरी करणारा दीर म्हणतो, करून टाकावे, नंतर पश्चात्ताप नको. ज्या स्त्रीच्या इच्छेवर ही गोष्ट सोपविलेली आहे, ती मात्र गप्प असते. कारण ही तपासणी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

या परीक्षेला लोक ‘डबल मार्कर’ म्हणतात. गर्भ अकरा ते चौदा आठवड्यांचा असताना मातेच्या रक्तातील दोन द्रव्यांचे प्रमाण मोजावयाचे, सोनोग्राफीत गर्भाच्या मानेमागील द्रवाची जाडी पाहावयाची, त्यांत मातेचे वय मिळवावयाचे आणि डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रदोषाचा संभव किती, याचा आकडा काढावयाचा, अशी ही पद्धत आहे. डाऊन सिंड्रोमच्या मुळाशी एक अधिक गुणसूत्र असते, हा शोध फ्रान्समधील जेरोम लजन व त्यांचे सहकारी यांनी १९५९ साली प्रसिद्ध केला. आपल्या शोधाचा उपयोग पुढे अशा गर्भांना वेगळे काढण्यासाठी होऊ लागला, याचे लजन यांना आयुष्यभर दुःख होते. शास्त्रज्ञाला शोध लावता येतो, पण त्याचा वापर त्याच्या हाती राहत नाही.

ही परीक्षा म्हणजे एक चाळणी आहे. चाळणीतून जे वर राहते ते सारे खडेच असतात असे नाही, आणि खाली गेलेल्यांत एखादा खडा नसतोच असेही नाही. हजार गर्भवतींची ही तपासणी केली, तर सुमारे पन्नास जणींना ‘संभव अधिक’ असे उत्तर मिळते; त्यांपैकी प्रत्यक्ष दोष एखाद-दोघींच्याच गर्भात असतो. बाकीच्या सर्व जणींची मुले या बाबतीत निर्दोष असतात, पण मधले कित्येक दिवस त्या माउलींचे अन्नावरचे लक्ष उडालेले असते. उलट, दोष असलेल्या दहा गर्भांपैकी एखादा या चाळणीतून निसटतोही. कागदावर ‘दीडशेत एक’ असे लिहून आले म्हणजे मूल सदोष आहे असे नव्हे. एकशेएकोणपन्नास वेळा ते तसे नसते. एवढा हिशेब कोणी शांतपणे समजावून दिला, तर निम्मी भीती तेथेच मावळते.

खात्री करून घ्यावयाची तर पुढची पायरी चढावी लागते. वारेचा सूक्ष्म अंश काढून किंवा सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल घेऊन गुणसूत्रे तपासतात. तीत गर्भपाताचा थोडा धोका असतो. निष्णात हाती तो दोनशेत एक किंवा त्याहूनही कमी मानतात, पण तो अगदी नाही असे म्हणता येत नाही. आता मातेच्या रक्तातूनच गर्भाच्या गुणसूत्रांचा माग काढणारी एक महाग तपासणीही निघाली आहे. ती डबल मार्करपेक्षा पुष्कळ अचूक असली तरी तीही चाळणीच. शेवटचा शब्द तिचा नव्हे. म्हणूनच पहिल्या चिठ्ठीला होकार देण्यापूर्वी शेवटच्या पायरीचा विचार करावा, हे अगत्याचे आहे. आकडा वाईट आला तर सुई टोचून घ्यावयाची काय? दोष निश्चित झाला तर पुढे काय करावयाचे? ‘काही झाले तरी हे मूल आमचे’ असे ज्या दांपत्याचे ठरलेले आहे, त्याने ही तपासणी नाकारली तर त्यास कोणी अडाणी म्हणू नये. त्याच दांपत्याला आधी कळलेले बरे, म्हणजे मनाची आणि उपचारांची तयारी करता येईल, असे वाटले तर तेही तितकेच रास्त आहे.

परंतु हे सारे झाले जगभरच्या कोणत्याही गावाला लागू पडणारे. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या या संत्र्यांच्या मुलखात प्रश्नाचे तोंड निराळे आहे. येथे ज्या दोषाचा विचार आधी व्हावयास हवा तो गुणसूत्रांचा नसून रक्ताचा आहे, आणि त्याचे नाव सिकलसेल.

१९५८ साली ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय साप्ताहिकात दोन लेख आले. एकात ग्लासगोचे इयान डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने पोटातील चित्र कसे घेता येते ते दाखविले. आजच्या सोनोग्राफीचा उगम तो. दुसरा लेख शुक्ल व सोळंकी यांचा, मध्य भारतातील लोकांच्या रक्तात आढळणाऱ्या सिकलसेलच्या खुणेविषयी. पहिल्या लेखातून निघालेली यंत्रे आज तालुक्याच्या गावी पोचली आहेत. दुसऱ्या लेखात सांगितलेली गोष्ट मात्र ज्यांच्या रक्तात ती आहे, त्यांतील कित्येकांच्या कानी अजून गेलेली नाही.

या रोगात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला सांध्यांच्या, पाठीच्या, पोटाच्या असह्य कळा येतात. रक्त कमी होते, पाणथरी वाढते, साध्या तापाचेही भय वाटू लागते. बापाकडून आणि आईकडून असे दोन्हीकडून दोषबीज आले तरच हा रोग होतो. विदर्भात त्याला ‘एसएस पॅटर्न’ म्हणतात. एकाकडूनच आले तर तो मनुष्य ‘एएस’ म्हणजे नुसता वाहक. तो शेतात राबतो, ओझी उचलतो, बहुधा म्हातारा होऊन मरतो, आणि आपल्या रक्तात काही आहे याची त्याला जन्मभर गंधवार्ता नसते. गोंड, परधान अशा आदिवासी समाजांत आणि विदर्भातील अनेक दलित व मागास समाजांत ही खूण अधिक आढळते. जेथे पिढ्यान् पिढ्या हिवतापाचे थैमान होते, तेथे वाहक माणसे त्या तापातून अधिक संख्येने वाचली, म्हणून हे बीज टिकले, असे शास्त्र सांगते. तेव्हा यात लाजण्यासारखे काही नाही. लग्नाच्या बोलणीत ते लपविण्यासारखे तर मुळीच नाही.

दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भाच्या वेळी रोगाचा संभव चारात एक असतो. ‘प्रत्येक’ या शब्दावर भर दिला पाहिजे. पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन सुखरूप, असा हिशेब घरोघर केला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. कवड्या प्रत्येक खेपेला नव्याने पडतात.

याची तपासणी डबल मार्करपेक्षा किती तरी सोपी आहे. आधी बोटातील थेंबभर रक्त, ते संशयास्पद निघाले तर अधिक बारकाईची तपासणी. तीत सिकलसेलशी संगनमत करणाऱ्या थॅलेसेमियाचाही पत्ता लागतो. पत्नी वाहक निघाली तर त्याच आठवड्यात पतीची तपासणी व्हावी. येथेच घोडे अडते. पती कामानिमित्त परगावी असतो. किंवा गावात असूनही ‘मला काय धाड भरली आहे?’ असे म्हणून टाळतो. त्याचे रक्त निर्दोष असेल तर मुलाला हा रोग होण्याचे भय तेथेच संपते, सुई नको की नागपूर नको. तोही वाहक निघाला तरच गर्भाच्या तपासणीचा प्रश्न येतो. ती अकराव्या आठवड्यापासून वारेच्या अंशावरून करता येते. मुंबईला परळ येथे राष्ट्रीय रक्तशास्त्र संस्थेत या विषयाचा अभ्यास कित्येक वर्षे चालू आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातच शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचा तिचा संकल्प आहे. त्याच वर्षी पांढुर्णा हा सौंसरसह छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याने हे काम लग्नाच्या वयातील मुलामुलींपासून हाती घेतले, तर तिसऱ्या महिन्यातील पुष्कळशी घालमेल वाचेल.

आणि तरीही, गर्भ ‘एसएस’ आहे असे कळले म्हणजे सारे कळले असे होत नाही. हा रोग कोणाला वर्षातून चार वेळा अंथरुणाला खिळवितो, कोणाला क्वचितच छळतो. आणि जन्मापूर्वी तो कोणते रूप घेणार हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने कळा कमी होतात. वेळेवर लसी, फॉलिक ॲसिड, ताप आल्यास तत्काळ उपचार, यांच्या बळावर कित्येक मुले शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. कोणी मात्र लहानपणीच दगावतात. ज्या घरात एका लेकराला कळांनी तळमळताना पाहिले आहे, त्या घरातील आई दुसऱ्या खेपेला गर्भ ठेवू नये असे म्हणाली, तर तिला कठोर म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि तशाच दुसऱ्या घरातील आई ‘मोठ्याला वाढविले, यालाही वाढवीन’ म्हणाली, तर तिला सरकारी दवाखान्यात बोल लावण्याचा अधिकार तरी कोणाला?

निर्णय कोणताही असो, त्याला वेळ पुरला पाहिजे. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका दांपत्याचा अर्ज आला होता. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचे उशिरा कळले आणि तोवर कायद्याची वीस आठवड्यांची मुदत उलटून गेली होती. न्यायालयाने परवानगी नाकारली. त्यावर देशभर चर्चा झाली. १९७१ च्या कायद्यात पुढे २०२१ साली दुरुस्ती होऊन, गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरविल्यास मुदतीचे बंधन राहिले नाही. पण मंडळापुढे जाणे म्हणजे पुन्हा प्रवास, कागद आणि वाट पाहणे. बाराव्या आठवड्यात जो निर्णय कठीण असतो, तो चोविसाव्यात किती जिवावर येतो, हे पोटात हालचाल जाणवलेल्या स्त्रीला सांगावयास नको.

‘गर्भजलपरीक्षा’ हा शब्द मराठीत एकदा बदनाम झाला, हेही ध्यानात ठेवावे. दोष शोधण्यासाठी निघालेली ही परीक्षा मुलगी शोधून नाहीशी करण्यासाठी राबविण्यात आली. मुंबईतील स्त्री-संघटनांनी त्याविरुद्ध झुंज दिली आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशातील पहिला निर्बंध केला. १९९४ साली केंद्राचा कायदा आला. त्या कायद्याने लिंग सांगण्यास बंदी आहे, हे आता सर्वांना ठाऊक आहे. त्यातील दुसरी तरतूद मात्र कोणी वाचीत नाही. सुई टोचून करावयाच्या अशा कोणत्याही गर्भपरीक्षेपूर्वी तिचे ज्ञात दुष्परिणाम गर्भवतीला समजावून सांगितले पाहिजेत, तिची लेखी संमती घेतली पाहिजे, तीही तिला समजणाऱ्या भाषेत, आणि संमतिपत्राची एक प्रत तिच्या हाती दिली पाहिजे. गर्भपाताच्या कायद्यातही सज्ञान स्त्रीची संमती पुरेशी आहे. पतीची सही लागत नाही.

पांढुर्णा–सौंसर भागात कचेरीची भाषा हिंदी, डॉक्टरांच्या अहवालाची इंग्रजी आणि चुलीपुढची मराठी; डोंगराकडच्या पाड्यांवर गोंडी किंवा कोरकू. तिला समजणारी भाषा यांतील कोणती, हे तिलाच विचारावे लागते. मराठीत छापलेले संमतिपत्र मागण्याचा तिला हक्क आहे. ते नसेल तर कोणी तरी ते वाचून तिच्या बोलीत सांगावे, आणि तिने ‘समजले’ म्हणेपर्यंत सहीसाठी कागद पुढे करू नये.