चाळीची मधली वाट



वरळी, नायगांव, डिलाईल रोड आणि शिवडी येथील बी. डी. डी. चाळी आपणांपैकीं पुष्कळांनीं रस्त्यावरून पाहिल्या असतील. १९२० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत मुंबईंत डेव्हलपमेंट खातें निघालें. मजुरांसाठीं पन्नास हजार खोल्या बांधण्याचा त्याचा संकल्प होता. उभ्या राहिल्या त्या २०७ चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यास वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, आणि संडास सामाईक.

खोल्यांच्या दोन ओळींमधून एक लांब वाट जाते. आराखडा करणारांनीं ती केवळ खोलीपर्यंत पोंचण्यासाठीं आंखली. राहणारांनीं तिचें अंगण केलें. चूल, अंथरुणें, आजारी माणूस आणि परीक्षेचा विद्यार्थी हीं सारीं एका खोलींत मावेनात. तेव्हां विद्यार्थी बाहेर दिव्याखालीं बसला, आजोबा दारांत आले, तान्हें मूल समोरच्या काकूंच्या मांडीवर गेलें. घरधनी रात्रपाळीस गेला, तरी त्याच्या बिऱ्हाडावर शेजाऱ्यांचें लक्ष असे. खालीं दोन चाळींमधील मोकळ्या जागेंत गणपति बसे, आंबेडकर-जयंती होई, कबड्डीचे डाव रंगत.

या आठवणींनीं गहिंवरून जाणें सोपें आहे. पण पहांटे बादली घेऊन संडासापुढें ताटकळणाऱ्या बाईस विचारावें! तो शेजार गोड खरा. परंतु तो अडचणींतून जन्मला होता.

आतां या चाळींच्या जागीं उत्तुंग इमारती होत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्यें वरळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांस ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घरांतच न्हाणी, घरांतच संडास. शंभर वर्षांनीं पदरांत पडलेल्या या सुखास नांवें ठेवण्याचा अधिकार आपणां सुखवस्तूंस नाहीं.

प्रश्न एवढाच कीं, दार लावून घेण्याची सोय झाली. तें उघडण्याचें निमित्त कोणतें? पूर्वीं तें टंचाईनें पुरविलें. यापुढें तें आराखड्यानें पुरविलें पाहिजे. प्रत्येक मजल्यावर लिफ्टसमोर उजेडाची, दोन बांकें मावतील एवढी जागा असावी. मुलांस एकटें धाडतां येईल असें, मोटारींपासून मुक्त अंगण असावें. जुने शेजारी शक्य तों एकाच मजल्यावर यावेत. आणि देखभालीचा खर्च निवृत्त कामगारास झेपेल इतकाच असावा. नाहीं तर मिळालेलें घर विकून त्यास दूर जावें लागेल, आणि शेजार मोडेल तो कायमचाच.

खोली १६० फुटांची असतांना रहिवाशांनीं जी जागा स्वतः शोधून काढली, ती ५०० फुटांच्या घराबाहेर त्यांस आंखून देणें, एवढें ऋण नगररचनाकारांकडे अद्याप बाकी आहे.