मधाळ अळंबें कसें ओळखावें?



ऑक्टोबर महिन्यांत इंग्लंडमधील ओक आणि बीच वृक्षांच्या रानांत फिरतांना जुन्या खोडाच्या बुंध्याशीं मधाच्या रंगाच्या अळंब्यांचा दाट झुबका दिसतो. शास्त्रज्ञ याला आर्मिलेरिया मेलिया म्हणतात. ‘मधाळ’ हें विशेषण रंगापुरतेंच. चवीशीं त्याचा संबंध नाहीं. शिवाय हा रंगही फसवा. तो कधीं पिवळट, कधीं तपकिरी, तर कधीं हिरवट झांक मारणारा असतो.

मग ओळखावें कशावरून? प्रथम देठ पाहावा. त्याच्या वरच्या भागीं पांढुरकें कडें असतें. लॅटिन भाषेंत ‘आर्मिला’ म्हणजे कंकण. त्यावरूनच हें नांव पडलें. नंतर झुबक्यांतील खालचीं छत्रें न्याहाळावीं. वरच्या छत्रांतून गळलेल्या बीजाणूंची पांढरी पूड, पीठ भुरभुरल्यासारखी, त्यांवर पडलेली आढळते. शेवटीं वठलेल्या झाडाची सैल साल उचलून पाहावी. आंत पांढरा पापुद्रा आणि बुटाच्या नाड्यांसारखे काळे दोर दिसतात. या दोरांनींच हें अळंबें मातींतून एका झाडाच्या मुळांपासून दुसऱ्याच्या मुळांपर्यंत पोंचतें आणि जिवंत वृक्षही मारतें. अमेरिकेंतील ऑरेगन राज्यांत, मॅलह्यूर अरण्यांत, याच कुळांतील दुसऱ्या जातीच्या एकाच अळंब्यानें सुमारें ९६५ हेक्टर भूमि जमिनीखालून व्यापली आहे.

इतकी चिकित्सा कशासाठीं? कारण गॅलेरिना मार्जिनाटा नांवाचें एक लहान तपकिरी अळंबेंही लांकडावर उगवतें, त्यालाही कडें असतें, आणि तें प्राणघातक आहे. विषाचीं लक्षणें बहुधा ६ ते २४ तासांनीं दिसूं लागतात. मध्यंतरीं रोग्याला बरें वाटतें. पण आंत यकृत निकामी होत असतें.

दोहोंतील भेद बीजाणूंच्या रंगांत आहे. अर्धा पांढरा व अर्धा काळा कागद घेऊन त्यावर छत्राची खालची बाजू टेकवावी आणि रात्रभर वर वाटी झांकून ठेवावी. सकाळीं गॅलेरिनाचा ठसा गंजासारखा तपकिरी उमटतो, मधाळ अळंब्याचा पांढरा. एकाच ओंडक्यावर दोन्हीं शेजारीं शेजारीं उगवूं शकतात. म्हणून प्रत्येक छत्र निराळें तपासावें.

एक जरी खूण चुकली, तरी अळंबें रानांतच राहूं द्यावें. सर्व खुणा जुळल्या तरी केवळ या भाषणाच्या भरंवशावर तें पानांत वाढूं नये. कच्चें मधाळ अळंबेंही पोट बिघडवितें. जाणत्या माणसाला दाखवावें, आणि तोंवर पाहण्यांतच समाधान मानावें.