पोच नसलेली मागणी

रोजगार योजनेचे मूल्यमापन म्हणजे किती मनुष्यदिवस काम निघाले आणि किती रुपये खर्ची पडले याची बेरीज, अशी सरकारदरबारी समजूत आहे. ही बेरीज निरर्थक नव्हे. परंतु जो काम मागावयास आला आणि रिकाम्या हाताने परतला, तो तीत कोठेच येत नाही.

वि. स. पागे यांची कल्पना 1965 साली तासगाव तालुक्यात प्रथम अजमावली गेली. 1972 च्या दुष्काळाने तिची कसोटी पाहिली आणि 1977 चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. शहरी पगारदारांच्या व्यवसाय करातून खेड्यातील मजुरीची तरतूद करणारी ही व्यवस्था देशात अपूर्व होती. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता, हा तिचा प्राण. 2005 च्या केंद्रीय कायद्यानेही हेच तत्त्व पत्करले. मात्र अकुशल मजुरीचा खर्च केंद्राकडे आणि भत्त्याचा बोजा राज्याकडे ठेवला. येथेच मेख आहे. भत्ता मागावयाचा तर मागणीची तारीखवार पोच हवी. काम मंजूर होईल त्याच दिवशी मागणी नोंदविली, की कागदोपत्री प्रत्येक मागणाऱ्यास काम मिळालेलेच दिसते! मग भत्त्याचा प्रश्नच उरत नाही, आणि अहवालही स्वच्छ राहतो.

धाराशिव जिल्ह्यात याची किंमत ऊसतोड मजूर मोजतो. भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतील कोरडवाहू कुटुंबांना मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन बांधून घेतो. उचल रोख आणि आगाऊ. हमीची मजुरी काम झाल्यावर, मोजमाप झाल्यावर, तीही बँकेत. घरात दाणा नसलेल्या माणसाने यांतून काय निवडावे? त्याला स्थलांतराची हौस आहे, असे म्हणणारे अधिकारी भेटतात; त्यांनी एक हंगाम पालावर काढून पाहावा. एकदा कोयता निघाला, की मागे राहते म्हातारी आणि बरोबर जातात शाळेतली पोरे. माघ-फाल्गुनात तलावाचे काम निघाले तरी ते त्या कुटुंबाच्या कामाचे नसते.

तेव्हा या जिल्ह्यापुरती कसोटी तारखेची असावयास हवी. भाद्रपदात गावोगाव किती कामांची अंदाजपत्रके मंजूर होऊन तयार होती, मागणी कोणत्या दिवशी आली, पहिली मजुरी किती दिवसांनी हाती पडली आणि त्यानंतर किती कोयते गावातच राहिले, हे तपासावे. गळीत हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत मागणीची नोंदवही मोठ्याने वाचली जावी, आणि ज्याचे नाव तीत नाही त्याने तेथेच उभे राहून पोच मागावी.